घाटावरून घाटाखाली, पायी

बुलढाणा जिल्ह्यात नवा माणूस भेटला की नुसतं गाव विचारून भागत नाही. पुढचा प्रश्न ठरलेला असतो: घाटावरचे की घाटाखालचे? जिल्ह्यात तालुके 13. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा आणि देऊळगाव राजा घाटावर. मोताळा, मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद आणि संग्रामपूर घाटाखाली. निवडणुकीत तिकिटं वाटताना हे बघतात, सोयरीक जमवताना बघतात, बदलीचा अर्ज लिहितानाही बघतात. हा भेद आजचा नाही. जुन्या वऱ्हाडाचेच दोन भाग होते: वरचा तो बालाघाट, पायथ्याचा तो पायनघाट.

माझे वडील घाटावरचे, आई घाटाखालची. उन्हाळ्याच्या सुट्टीत इतर मुलं मामाच्या गावाला जायची. आमच्याकडे उलटं होतं. मलकापूरकडे ऊन पेटलं की मामा, मामी, त्यांची पोरं, एक आत्या आणि लोणच्याची बरणी असा सगळा लवाजमा आमच्याकडे वर यायचा, तो मृगाच्या पहिल्या सरीनंतरच परत जायचा. वडील म्हणायचे, "आपली सासुरवाडी चालत येते." आई यावर काही बोलायची नाही. फक्त त्या दिवशी भाजीत तिखट जास्त पडायचं.

हा घाट मी आयुष्यात किती वेळा उतरलो असेन, मोजदाद नाही. राजूर घाटातून मलकापूरला, बोथ्याच्या जंगलातून खामगावला. पण सगळ्या वेळा एसटीच्या खिडकीशी बसून. ज्या रेषेवरून आमच्याकडे माणसाची जात ठरावी तितक्या जोरानं मुलूख ठरतो, ती रेषा मी पायाखाली कधी घेतली नव्हती. गेल्या अश्विनात ती घेतली. सुरुवात केली देऊळघाटपासून.

देऊळघाट बुलढाण्याच्या पश्चिमेला, शहरापासून अगदी जवळ. जनगणनेच्या दफ्तरात त्याची नोंद 'जनगणना शहर' अशी आहे. म्हणजे वस्ती शहरासारखी, कारभार गावाचा. चौकात उभं राहिलं की मराठी आणि उर्दू एकाच वाक्यात ऐकू येतात, आणि दोन्हींना वऱ्हाडी हेल असतो. नावात देऊळ आहे आणि घाट आहे. मराठीत घाट म्हणजे नदीवरच्या पायऱ्या आणि घाट म्हणजे डोंगरातली चढणही. गावाला पैनगंगा आहे आणि उत्तरेला डोंगराची कडही लांब नाही, त्यामुळे दोन्ही अर्थ इथे खपून जातात.

माझा एक मित्र इथला. शाळेत भूगोल शिकवतो. गाव त्याला सर म्हणतं म्हणून मीही सरच म्हणतो, आणि ते त्याला आवडत नाही. बेत त्याचाच होता: सकाळी देऊळघाटला नदी बघायची, गाडीनं उगमाजवळ मढला जायचं, तिथून डोंगराच्या कडेवर चढायचं आणि एका दरीतून नळगंगेच्या खोऱ्यात, म्हणजे घाटाखाली, उतरायचं. परत यायचं ते एसटीनं.

"ज्ञानगंगा अभयारण्यात का नाही?" मी विचारलं. दऱ्या तिकडे जास्त मोठ्या आहेत. 1997 साली घोषित झालेलं हे अभयारण्य दोनशे चौरस किलोमीटरच्या थोडं वर आहे, बुलढाणा आणि खामगावच्या मध्ये. बिबटे आहेत, तडस आहे, रोही तर रस्त्यावर भेटतात. "तिथे मनाला येईल तसं पायी हिंडता येत नाही, परवानगी लागते," सर म्हणाले. "आणि अस्वलं काही परवानगी बघत नाहीत." अस्वल हा आमच्या जिल्ह्यात विनोदाचा विषय नाही. पहाटे मोहफुलं वेचायला किंवा शेतात पाणी द्यायला गेलेल्या माणसांवर त्यांनी केलेले हल्ले दर वर्षी कानावर येतात. अस्वल माणूस खात नाही, पण दचकलं की तोंडावर येतं. म्हणून नियम एकच: चालताना बोलत राहायचं. एरवी जंगलात गप्प राहावं असं पुस्तकात असतं, आमच्याकडे ते चालत नाही.

पहाटे सहाला देऊळघाटला नदीत उतरलो. पाणी पोटरीपर्यंत. काठाला बेशरमीची जांभळी फुलं, एका दगडावर साबणाची ओली वडी कुणीतरी विसरलेली. पलीकडच्या काठावर दोन म्हशी पाण्यात जायचं की नाही या विचारात उभ्या होत्या. ही पैनगंगा. यवतमाळ-नांदेडच्या सीमेवर सहस्रकुंडाला जिचा आवाज लांबून येतो, जी पुढे विदर्भ आणि मराठवाड्याची हद्द होते आणि चंद्रपूर जिल्ह्यात वर्धेला मिळते, तीच. इथे तिला ओलांडताना मी चपलासुद्धा काढल्या नाहीत. थोडं खाली येळगावला तिच्यावर धरण आहे, पाणी ठरावीक पातळीला चढलं की आपोआप पडणारी त्याची दारं शाळेच्या सहलीत दाखवायचे. बुलढाणा शहर हेच पाणी पितं.

मढजवळ बुधनेश्वर हे तिचं उगमस्थान. आम्ही पोचलो तेव्हा देवळात एक आजोबा झाडत होते. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, पाठीवरच्या पिशव्यांकडे पाहिलं आणि झाडणं चालू ठेवलं. उगमावर फार रेंगाळलो नाही. नदीचा उगम ही गोष्ट बघायला मला नेहमीच थोडी फसवी वाटते. पाणी कुठून सुरू होतं ते जमिनीला ठाऊक, आपण तिथे एक कुंड बांधतो आणि फोटो काढतो. खरी गंमत उगमापासून वर चढल्यावर आहे.

वाटेत दोन्ही बाजूंना सोयाबीनची सोंगणी चालू होती. काही शेतांत सुड्या रचून झाल्या होत्या आणि त्यांवर ताडपत्र्या टाकल्या होत्या, कारण परतीचा पाऊस जाता जाता दगा देतो. पुढे शेतं संपली. मुरूम लागला, तिखाडीचं गवत लागलं, बांधावर तरवडाची पिवळी फुलं, मधे कुर्डूचे पांढरे-गुलाबी तुरे. चढ इतका मंद की चढतोय हे पोटऱ्यांना कळत नव्हतं. आणि मग एकदम पुढे जमीनच नाही.

दक्षिणेकडून आलेल्या माणसाला हा कडा आधी दिसत नाही. सह्याद्रीत डोंगर दुरून खुणावतो, तुम्ही त्याच्याकडे चढून जाता. इथे उलट आहे. तुम्ही सपाटीवरून, शेतांतून, गप्पा मारत येता आणि दहा पावलांवर मुलूख खाली पडलेला असतो. बुलढाणा शहर साडेसहाशे मीटरच्या आसपास आहे, मलकापूर अडीचशेच्या. मधला हा फरक हळूहळू उतरत नाही, बराचसा या एका कडेलाच पडतो. खाली दरी, दरीत सागाचं दाट हिरवं, त्यापलीकडे कपाशीचे आणि तुरीचे चौकोन, आणि त्याच्याही पलीकडे पूर्णेचं सपाट खोरं धुरकट होत गेलेलं. स्वच्छ हवेत पार सातपुडा दिसतो असं सर म्हणाले. त्या दिवशी नव्हता.

इथे सरांमधला मास्तर जागा झाला. त्यांनी पाण्याची बाटली उघडली, थोडं पाणी मागे ओतलं, थोडं पुढे. "मागचं बंगालच्या उपसागरात, पुढचं अरबी समुद्रात." वर्गात हे ते दर वर्षी सांगत असणार, पण खोटं नव्हतं. मागचं पाणी पैनगंगेत, तिथून वर्धेत, प्राणहितेत आणि गोदावरीत. पुढचं नळगंगेतून पूर्णेत, पूर्णा चांगदेवला तापीला मिळते, तापी सुरतेपाशी समुद्राला. बुलढाणा-अजिंठ्याची ही कड म्हणजे या दोन पाण्यांमधला बांध. आणि बांध म्हटला की भांडण आलंच. दक्षिणेचा उतार आळशी आहे, पैनगंगा रमतगमत निघते. उत्तरेचे ओढे मात्र कड्यावरून उडी घेतात, त्यांच्या अंगात जोर आहे आणि ते दर पावसाळ्यात डोंगर मागे मागे कुरतडत येतात. म्हणजे नळगंगा पैनगंगेचा बांध कोरते आहे. लाखो वर्षांनी ती तिचा उगमही पळवेल. भूगोलात याला नदीचौर्य म्हणतात. आमच्या तालुक्यातले निम्मे दिवाणी दावे याच स्वरूपाचे असतात.

कडेवर एक शेळ्या राखणारे मामा भेटले. पंचवीसेक शेळ्या, एक कुत्रं, कानाला मोबाइल, त्यातून मोठ्यानं बातम्या.

"कुठी चालले, सर?"

"खाली. ह्या दरीतून."

"दरीतून? काहून? यष्टी बंद हाय काय?"

हौस म्हणून चाललो आहोत, हे त्यांना पटवायला वेळ लागला, आणि शेवटपर्यंत पूर्ण पटलं असं वाटत नाही. पण वाट त्यांनी नीट सांगितली. डावीकडची सोंड धरा, मधल्या घळीत शिरू नका. सालईची तीन झाडं लागली की खाली जा. त्यांच्या बायकोचं माहेर खाली, लग्नाआधी ते याच वाटेनं तिला बघायला गेले होते. आता जातात ते बकऱ्या घेऊन. "खालच्या बाजारात बकरीले दोन पैसे जास्त भेटते," ते म्हणाले. "पन येताना चढ लागते. मंग यष्टीनंच येतो."

मधल्या घळीत शिरू नका, हे मला सांगायची गरज नव्हती. पंधरा वर्षांपूर्वी याच कडेवर, थोडं पूर्वेला, मी आणि कॉलेजातले दोघे अशाच एका घळीत शिरलो होतो. घळ सुरुवातीला माणसाला लाडानं बोलावते. वाळू असते, सावली असते, पायऱ्यांसारखे दगड असतात. तासभर उतरल्यावर आम्ही एका गुळगुळीत कातळाच्या ओठावर आलो आणि पुढे काहीच नव्हतं, कोरडा धबधबा. खाली चार-पाच पुरुष खोल डोह. माघारी चढताना पाणी संपलं. त्या दोघांतल्या एकानं वाटेतल्या डबक्याला रुमाल लावून पाणी प्यायलं, आणि पुढचे चार दिवस तो कॉलेजात आला नाही. दोष दरीचा नव्हता. उतरायची वाट पाण्याला विचारली की असंच होतं. पाण्याला उडी मारता येते. गुरांना येत नाही, म्हणून उतरायचं ते गुरांच्या वाटेनं.

सोंडेवरून उतरायला लागलो तसा डोंगर आपलं पोट दाखवू लागला. हा सगळा दख्खनचा कातळ, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भेगांमधून बाहेर आलेल्या लाव्हाचे थर, एकावर एक. वरचा थर काळा पाषाण, उभ्या भेगांचा, कडा करून उभा. त्याच्या खाली मांजऱ्या खडक, ज्यावर बांधकामवाले नाक मुरडतात: भुसभुशीत, भोकाभोकांचा, भोकांत पांढरे स्फटिक भरलेले. ऊन तिरपं पडलं की ते साखरेसारखे चमकतात. मांजऱ्या लवकर झिजतो, वरचा पाषाण अधांतरी राहतो आणि एक दिवस कोसळतो. म्हणून दरीत खाली घराएवढे चौकोनी दगड पडलेले असतात आणि म्हणून डोंगराला पायऱ्या पडतात. उताराच्या मध्यावर दोन थरांच्या बेचक्यात हातभर जाडीचा तांबडा पट्टा लागला. मी त्यावर बोटं फिरवली. गार, ओलसर, आणि बोटं लाल. एक लाव्हा निवल्यावर दुसरा येईपर्यंत जो काळ गेला, त्यात खडकाची झालेली ही माती. वरून पाझरत आलेलं पाणी इथे अडतं आणि पट्ट्याच्या वरच्या कडेनं बाहेर पडतं. एका उंबराला हे कळलेलं होतं. त्याची मुळं त्या लाल रेषेवर आडवी, सुतारानं दोरी मारून आखावीत तशी पसरली होती, आणि मुळाच्या टोकाशी थेंब थेंब पाणी एका खळग्यात पडत होतं. खळगा तांब्याएवढा. त्यात दोन बेडूक होते.

तिथेच बसून शिदोरी सोडली. ज्वारीची भाकरी, तव्यावर रगडलेला ठेचा, शेंगदाण्याची चटणी, कांदा. सरांच्या घरून आलेला खिमा वेगळ्या डब्यात, तो मी संपवला. मग सीताफळं. आमच्या या डोंगरात सीताफळं कुणी लावत नाही, ती असतात. डोळे उघडलेलं एक फळ झाडावरच मिळालं. निम्मं पाखरांनी खाल्लेलं, उरलेलं निम्मं आम्ही.

खाता खाता अजिंठ्याचा विषय निघणं अटळ होतं. याच रांगेत पश्चिमेला, गाडीनं दीडेक तासावर, वाघूर नदीनं याच कड्यात, याच थरांत अशीच एक घळ कोरली आहे, घोड्याच्या नालासारखी. तिच्या भिंतीत माणसांनी 30 लेणी खोदली. त्यातलं सोळावं वराहदेवानं करवलं. तो वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेचा राजा हरिषेण याचा प्रधान, आणि वत्सगुल्म म्हणजे आमच्या शेजारचं वाशीम. 28 एप्रिल 1819 ला जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी शिकारीच्या निमित्तानं तिथे आला आणि दहाव्या लेण्यातल्या खांबावर नाव नि तारीख कोरून गेला. 1983 ला ते जागतिक वारसा झालं. आता ते बघायला जपानहून माणसं येतात, आणि बघतात ती चित्रं. चित्रांनी पाठ टेकलेली दरी फारसं कुणी बघत नाही. आम्ही ज्या दरीत भाकरी खात होतो ती त्याच आईची दुसरी मुलगी, फक्त हिला कुणी दागिने घातले नाहीत.

म्हणून हिला 'महाराष्ट्राचं ग्रँड कॅन्यन' वगैरे म्हणावं, असं मला वाटत नाही. हल्ली कुठल्याही घळीला ही पाटी लावतात. कोलोरॅडोचं ते कॅन्यन दीड किलोमीटरहून खोल आहे. त्याच्याशी तुलना केली की आपली दरी बिचारी वाटायला लागते, आणि ती बिचारी मुळीच नाही. सांधण दरीला अशी प्रसिद्धी मिळाली आणि आता सुट्टीच्या दिवशी तिथे रांग लागते. कॅन्यन ही बघायची वस्तू, तिच्या काठावर उभं राहून हात पसरायचे. घाट ही जाण्यायेण्याची जागा. आमच्याकडे दरीला किंमत आली ती तिच्यातून कोण उतरलं, कोण चढलं, त्यावरून.

अलीकडच्या काळात या घाटांवर आलेला सगळ्यात मोठा पाहुणा चार पायांचा होता. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला एक तरुण वाघ, गळ्यात रेडिओ कॉलर, वनखात्याच्या कागदावर नाव सी-1. 2019 च्या पावसाळ्यात तो घर सोडून निघाला. तेलंगणात आदिलाबाद, मग पैनगंगा अभयारण्य, हिंगोली, वाशीम असं करत वर्षाअखेर ज्ञानगंगेत आला. कॉलरच्या नोंदींप्रमाणे एकूण चाल सुमारे 3000 किलोमीटर. नकाशावर रेघ बघितली की लक्षात येतं: पैनगंगा जिकडे वाहत जाते तिकडून तो आला, आणि ती जिथून निघते त्या डोंगरात येऊन थांबला. शेतांतून, रस्ते ओलांडत, दिवसा उसात नि नाल्यात लपून. ज्ञानगंगेत त्याला हरणं, रोही, डुकरं सगळं मिळालं. वाघीण मिळाली नाही, कारण तिथे नव्हतीच. त्या हिवाळ्यात बोथ्याच्या रस्त्यानं एसटी निघाली की सगळी बस खिडकीला नाक लावून बसायची. माझ्या मावशीनं तर त्याच्यासाठी स्थळ बघायची गोष्ट काढली होती.

उताराचा खालचा भाग सांगण्यासारखा नाही. साग, पळस, धावडा, मधे अंजन, आणि पायाखाली घसरणारी सागाची मोठी पानं. बूट घसरून मी दोनदा बसलो. वारा थांबला आणि उकडायला लागलं. घाटाखालची हवा कुठे सुरू होते हे त्या उतरणीवर अंगाला नेमकं कळलं: पाठीला सदरा चिकटला ती जागा. आई उन्हाळ्यात माहेरी न जाता वरच राहायची म्हणून आम्ही तिला नाजूक म्हणायचो, ते त्या क्षणी परत घेतलं. शेवटी एक कोरडा ओढा लागला, त्याच्या वाळूत डुकरांनी उकरलेलं, मग पहिलं कपाशीचं शेत. बायका पहिली वेचणी करत होत्या. एकीनं वर दरीकडे आणि मग आमच्या गुडघ्यांकडे बघितलं. पँटला कुसळांची फर आली होती. तिनं ओटीतला कापूस न सोडता विचारलं, "बकऱ्या हरवल्या काय?"

तिथून मोटरसायकलवाल्या एका पोरानं आम्हाला ट्रिपल सीट रोहिणखेडला सोडलं.

रोहिणखेड हे घाटाच्या अगदी पायथ्याचं गाव. आज तिथून जाताना कुणी मान वळवत नाही. पण या गावाच्या शिवारात दोन मोठ्या लढाया झाल्या आहेत, आणि दोन्ही कौटुंबिक. पहिली 1437 ची. खानदेशचा सुलतान नसीर खान याची मुलगी बहमनी सुलतानाला दिलेली. नवरा दुसरीवर लुब्ध झाला म्हणून तिनं बापाला कळवलं आणि बाप वऱ्हाडात फौज घेऊन शिरला. बहमनींचा सरदार खलफ हसन यानं त्याला रोहिणखेडला गाठून असा झोडपला की तो बुऱ्हाणपूरपर्यंत पळत गेला आणि मागून त्याचं शहरही लुटलं गेलं. दुसरी 1590 ची. अहमदनगरच्या गादीवर मुलगा, गादीमागे जमाल खान नावाचा महदवी पंथाचा सरदार, आणि चालून आलेला बाप बुऱ्हाण निजामशाह. जमाल खान इथेच पडला, बापानं मुलाची गादी घेतली. त्याच जमाल खानाच्या पक्षातल्या खुदावंद खानानं 1582 मध्ये बांधलेली मशीद गावात आहे. लहान, पण देखणी, आणि दगड आमच्या दरीचाच, काळा.

लढाया इथेच का? सरांनी चहा पिता पिता प्रश्न टाकला आणि उत्तराची वाट न बघता दिलंही. घाट चढण्याआधी फौजेला थांबावं लागतं, बैल सोडावे लागतात, तोफा उतरवाव्या लागतात. शत्रूनं गाठायचं ते तेव्हाच. वर चढलात की मुलूख दख्खनचा, खाली राहिलात की खानदेश-वऱ्हाडचा. घाटावरचे की घाटाखालचे, हा प्रश्न तेव्हा तलवार हातात धरून विचारत.

चहाच्या टपरीवर बसलेल्या माणसांचा विषय मात्र वेगळाच होता: वैनगंगा-नळगंगा. 2024 मध्ये राज्य सरकारनं मान्यता दिलेली ही नदीजोड योजना. भंडाऱ्याजवळच्या गोसीखुर्द धरणातून पाणी उचलायचं, 426 किलोमीटर कालव्यानं विदर्भ ओलांडून पश्चिमेला आणायचं आणि मोताळ्याजवळच्या नळगंगा धरणात सोडायचं. खर्च 87,000 कोटी रुपयांच्या वर. एकाचं म्हणणं, आमच्या हयातीत येत नाही. दुसऱ्याचं म्हणणं, येईल, पण अकोल्यातच संपेल. तिसरा फक्त मोबदल्याचा दर विचारत होता. पूर्णेच्या काठी शेगाव-संग्रामपूरकडे खारपाणपट्टा आहे. तिथे विहिरीला पाणी लागलं तरी ते पिकाला चालत नाही, माणसालाही नाही. त्यांना गोड पाणी पाहिजे यात दुमत नाही. पण मी त्या सकाळी जिथून दोन समुद्रांना पाणी निघतं त्या कडेवर उभा होतो. त्याच कडेच्या पायथ्याशी संध्याकाळी, राज्याच्या दुसऱ्या टोकाकडून पाणी कधी येईल याचा हिशेब ऐकत होतो. तांबड्या पट्ट्यातून झिरपणारं ते तांब्याभर पाणी कुठे जातं, याची चौकशी कुणी करत नव्हतं. वरच्या गावांनी माथ्याचं जंगल आणि गवत राखलं, दरीच्या वरच्या टोकाला नाले अडवले, तर नळगंगेला दिवाळीनंतरही पाणी राहील. हे काम 87,000 कोटींचं नाही. पण त्याला दोन तालुक्यांनी एकत्र बसावं लागतं, एक घाटावरचा, एक घाटाखालचा. कालवा खोदणं त्यापेक्षा सोपं आहे.

एसटी आली ती भरलेली. उभ्यानं घाट चढलो. जी दरी उतरायला आम्हाला पाच तास लागले, तिला बाजूला टाकून बस थोड्याच वेळात वर आली. वरच्या वळणावर गार वारा लागला तसा पुढच्या बाईनं पदर कानावर घेतला. घरी पोचल्यावर आईला फोन लावला. ती आता वरच, माझ्या भावाकडे असते. कुठून उतरलास, ते तिनं नीट विचारून घेतलं. मग म्हणाली, तिचे वडील बैलबाजाराला याच वाटेनं वर यायचे, पहाटे निघून दुपारी पोचायचे. हे तिनं मला आजवर सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.

तुम्हाला जायचं असेल तर अश्विन-कार्तिकात जा. पावसाळ्यात शेवाळ आणि उन्हाळ्यात पाण्याची टंचाई, दोन्ही जिवावर बेततात. माणशी तीन लिटर पाणी घ्या. मोबाइलला दरीत रेंज नाही, वर घरी सांगून उतरा. वनखात्याच्या चौकीत आधी विचारा आणि स्थानिक माणूस बरोबर घ्या. त्याला चहावर भागवू नका, दिवसाची मजुरी द्या, कारण तो कामाचा दिवस मोडून आलेला असतो. बोलत चाला. घळीत शिरू नका. आणि कुसळं काढायला दाट दातांचा जुना कंगवा बरोबर ठेवा; माझ्या मोज्यांतली अजून निघालेली नाहीत.